पोटाची सोनोग्राफी नॉर्मल आली, म्हणजे जठराचा कॅन्सर पसरलेला नाही असं समजायचं का?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. वडील ६१ वर्षांचे, दोन महिन्यांपासून जेवण जात नाही, वजन उतरलंय. एंडोस्कोपीत जठराच्या खालच्या टोकाला, म्हणजे अँट्रममध्ये, व्रण दिसला आणि बायोप्सीत ॲडिनोकार्सिनोमा, म्हणजे जठराच्या अस्तरातून निघणारा कॅन्सर, आला. पोटाची सोनोग्राफी नॉर्मल आहे. सीटी स्कॅनमध्ये तिथली भिंत जाड झालेली, शेजारी काही बारीक लिम्फ नोड (लसीकाग्रंथी), यकृत आणि फुप्फुसं स्वच्छ. पोटविकारतज्ज्ञ म्हणतात एंडोस्कोपिक सोनोग्राफी, म्हणजे दुर्बीण जठरात घालून आतून केलेली सोनोग्राफी, करून घ्या. सर्जन म्हणतात त्यात वेळ घालवू नका. आणि काका म्हणतात सोनोग्राफी स्वच्छ आलीय, म्हणजे पसरलेलं नाही, आता ऑपरेशन उरकून टाका. तिघांपैकी कोणाचं ऐकायचं?

काकांचं म्हणणं बरोबर नाही, ते आधी बाजूला ठेवू. उरलेले दोघे मात्र दिसतात तितके एकमेकांच्या विरोधात नाहीत. दोघांच्या डोक्यात वेगवेगळे प्रश्न आहेत आणि ते तुमच्यापर्यंत पोहोचलेले नाहीत, एवढंच.

मी पोटविकारतज्ज्ञ आहे आणि एंडोस्कोपिक सोनोग्राफी हा माझ्या रोजच्या कामाचा भाग. तरीसुद्धा जठराच्या कॅन्सरचे जे रुग्ण ह्या तपासणीची चिठ्ठी घेऊन येतात, त्यातल्या बऱ्याच जणांना मी ती न करता परत पाठवतो. का, ते पुढे येईलच. तुमच्या वडिलांचा सीटी मी पाहिलेला नाही, त्यामुळे त्यांच्याबद्दल जे लिहितो ते तुम्ही दिलेल्या मजकुरावर बेतलेलं आहे हे लक्षात ठेवा.

आधी त्या नॉर्मल सोनोग्राफीबद्दल. पोटावर जेल लावून जी सोनोग्राफी होते तिच्या ध्वनिलहरी साधारण ३ ते ५ मेगाहर्ट्झच्या असतात. एवढ्या लहरी खोलवर जातात, पण बारीक तपशील दाखवत नाहीत. शिवाय जठर म्हणजे हवेची पिशवी. ध्वनिलहर हवेला लागली की मागे फिरते आणि पलीकडचं काहीच दिसत नाही. म्हणून जठराची भिंत, तिच्या मागचे नोड, स्वादुपिंडाचा बराचसा भाग ह्या तपासणीत नीट दिसतीलच असं नाही. भिंत खूपच जाड झाली असेल तर अनुभवी सोनोलॉजिस्टला शंका येते, पण जठराचा कॅन्सर आहे की नाही किंवा किती आहे हे ठरवायला ही सोनोग्राफी नाहीच.

मग ती करतात कशाला? स्वस्त आहे, गावोगावी मिळते, आणि तीन गोष्टी ती बऱ्यापैकी सांगते: यकृतात मोठ्या गाठी आहेत का, पोटात पाणी झालंय का, आणि बाईमाणूस असेल तर अंडाशयात गाठ आहे का. जठराचा कॅन्सर अंडाशयात उतरतो, त्याला क्रुकेनबर्ग ट्यूमर म्हणतात, आणि कधी कधी तीच गाठ आधी सापडते. ह्यातलं काही सोनोग्राफीत दिसलं तर आजार पुढे गेलाय हे कळतं. काही दिसलं नाही, तर त्यावरून काहीच ठरत नाही. तुमच्या वडिलांच्या रिपोर्टचा अर्थ इतकाच.

आता ‘पसरणं’ म्हणजे काय, तेही सुटं करून बघू, कारण घरात सगळे हा एकच शब्द वापरतात आणि त्यात तीन-चार वेगळ्या गोष्टी असतात. कॅन्सर जठराच्या आतल्या अस्तरातून सुरू होऊन भिंतीत खोल किती शिरला, हा एक भाग. डॉक्टर त्याला टी म्हणतात. जवळच्या लिम्फ नोडमध्ये गेला का, हा दुसरा, तो एन. आणि यकृत, फुप्फुस, दूरचे नोड किंवा पोटाच्या आतल्या पडद्यावर गेला का, हा तिसरा; तो एम. ह्या तिसऱ्यातला पोटाचा पडदा, म्हणजे पेरिटोनियम, जठराच्या कॅन्सरमध्ये सगळ्यात त्रासदायक. तिथे मोहरीएवढे दाणे पसरलेले असतात आणि ते सीटीत, पेट स्कॅनमध्ये, कशातच दिसत नाहीत, असं वारंवार होतं.

एंडोस्कोपिक सोनोग्राफीची ताकद पहिल्या भागात आहे. दुसऱ्यात ती अर्धीमुर्धी कामाची, आणि तिसऱ्यात फार थोडी.

ही तपासणी जठरासाठी जन्मलीही नव्हती. १९८० मध्ये दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफीचा प्रोब, म्हणजे लहरी सोडणारा भाग, बसवण्याचे पहिले प्रयोग प्रसिद्ध झाले, ते मुख्यतः स्वादुपिंड बघण्यासाठी. बाहेरून बघताना आतड्यातली हवा मध्ये येते ना, मग आतूनच बघू, असा तो सरळ विचार. पुढे लक्षात आलं की प्रोब जठराच्या भिंतीला टेकवला किंवा जठरात पाणी भरून त्यातून बघितलं, तर भिंतीचे थर वेगवेगळे दिसतात. प्रोब इतका जवळ असल्यामुळे खोल जाण्याची गरज उरत नाही, त्यामुळे ५ ते १२ मेगाहर्ट्झ, बारीक प्रोब असेल तर २० मेगाहर्ट्झपर्यंतच्या लहरी वापरता येतात, आणि तपशील वाढतो.

पडद्यावर भिंत पाच पट्ट्यांची दिसते: पांढरी, काळी, पांढरी, काळी, पांढरी. आतल्या बाजूने पहिल्या दोन म्हणजे श्लेष्मल अस्तर, तिसरी पांढरी पट्टी म्हणजे अस्तराखालचा थर, सबम्युकोसा, चौथी काळी म्हणजे स्नायूंचा थर आणि पाचवी म्हणजे बाहेरचं आवरण. कॅन्सर ह्या पट्ट्यांमध्ये काळसर डागासारखा दिसतो. तो कुठल्या पट्टीपर्यंत जाऊन थांबलाय आणि त्याखालची पट्टी अखंड आहे की तुटली आहे, हे मी शोधत असतो. घराच्या भिंतीवर ओल आली की ती नुसती रंगात आहे, गिलाव्यात उतरली की विटेपर्यंत गेली, हे गवंडी बघतो, तसंच काहीसं.

फक्त अस्तरापुरता असेल तर टी१ए. सबम्युकोसात गेला तर टी१बी. स्नायूत गेला तर टी२. स्नायू ओलांडून बाहेरच्या आवरणाच्या अलीकडे थांबला तर टी३. आवरण फोडलं तर टी४ए आणि शेजारच्या अवयवात, म्हणजे स्वादुपिंड, यकृत, मोठं आतडं वगैरेंमध्ये घुसला तर टी४बी.

ह्या पायऱ्यांचा उपयोग काय? उपचार ह्यातल्या दोन पायऱ्यांवर वळतो. पहिलं वळण टी१ए आणि टी१बीच्या मध्ये. अस्तरापुरत्या कॅन्सरमध्ये लिम्फ नोडला लागण होण्याची शक्यता शंभरात दोन ते पाच इतकी कमी असते, म्हणून काही अटी पूर्ण होत असतील तर पोट न उघडता दुर्बिणीतूनच तेवढा भाग सोलून काढता येतो. जपानी डॉक्टरांनी ही पद्धत घडवली, तिला ईएसडी म्हणतात. सबम्युकोसात गेला की नोडची शक्यता सुमारे वीस टक्क्यांवर जाते आणि मग बहुतेकांना ऑपरेशन लागतं. दुसरं वळण टी२पाशी. टी२ किंवा त्यापुढे असेल, किंवा नोड संशयास्पद असतील, तर आज आधी किमोथेरपी, मग ऑपरेशन, मग पुन्हा किमो, हा क्रम सर्वसाधारणपणे धरला जातो. फ्लॉट नावाचं चार औषधांचं मिश्रण त्यासाठी वापरतात, दर दोन आठवड्यांनी एक सत्र, अशी ऑपरेशनआधी चार आणि नंतर चार. म्हणजे काकांचं ‘आधी ऑपरेशन उरका’ हे वडिलांच्या बाबतीत कदाचित योग्यही नसेल. सर्जनना हे नक्की विचारा.

आता ही तपासणी किती खरी बोलते? इथे मी माझ्या अनुभवापेक्षा आकड्यांवर जास्त विसंबतो. २०१५ मध्ये कॉक्रेन संस्थेने ६६ अभ्यासांतल्या ७,७०० हून अधिक रुग्णांची माहिती एकत्र करून तपासली. टी१-टी२ आणि टी३-टी४ ह्यांत फरक करायचा असेल, तर खोल गेलेला आजार ओळखण्यात ही तपासणी ८६ टक्के वेळा बरोबर होती आणि उथळ आजाराला उथळ म्हणण्यात ९० टक्के वेळा. हे चांगलं आहे. टी१ए की टी१बी, ह्या नाजूक प्रश्नाला आकडे ८७ आणि ७५ वर येतात. म्हणजे खरोखर अस्तरापुरता असलेला आजार चारांतून एकदा खोल असल्याचं सांगितलं जातं. आणि लिम्फ नोडबाबत आकडे आहेत ८३ आणि ६७. नोडमध्ये कॅन्सर नसलेल्या शंभर जणांपैकी तेहेतीस जणांना ‘आहे’ असं सांगितलं जाईल, आणि असलेल्या शंभरांपैकी सतरा जणांचा निसटेल.

चुका होतात त्याची कारणं बघितली तर रिपोर्ट वाचायला मदत होईल. वडिलांना व्रण आहे. व्रणाभोवती सूज येते, जुना असेल तर खालचा भाग घट्ट, जखमेच्या वणासारखा होतो. सोनोग्राफीत सूज, वण आणि कॅन्सर, तिन्ही काळसरच दिसतात. त्यामुळे व्रण असलेला कॅन्सर आहे त्यापेक्षा खोल वाटतो. उलट बाजूने, स्नायूत शिरलेले मूठभर पेशींचे धागे कुठल्याच प्रोबला दिसत नाहीत, तिथे आजार उथळ वाटतो. जागेचाही प्रश्न असतो. जठराच्या मधल्या भागात प्रोब भिंतीला काटकोनात धरता येतो. जठर जिथे वळतं तिथे आणि अँट्रमच्या अगदी टोकाला तो तिरका लागतो, आणि तिरक्या कापात कुठलीही भिंत जाड आणि पट्ट्या मिसळलेल्या दिसतात. वडिलांचा व्रण अँट्रममध्येच आहे, म्हणून हे मुद्दाम लिहितोय. टी३ आणि टी४ए वेगळं करणं तर माझ्या मते बऱ्याचदा अंदाजच असतो. बाहेरचं आवरण कागदापेक्षा पातळ, आणि जठराच्या काही भागांवर ते नसतंच.

नोडचं म्हणाल तर गोल, काळा, कडा रेखीव आणि एक सेंटिमीटरहून मोठा असेल तर आम्ही संशय घेतो. पण चार मिलिमीटरच्या नोडमध्येही कॅन्सर असतो, आणि हेलिकोबॅक्टर जंतूच्या जुन्या संसर्गाने निर्दोष नोडही सुजतात. तुमच्या सीटी रिपोर्टमधल्या ‘बारीक नोड’ ह्या शब्दांनी झोप उडवून घेऊ नका, आणि निश्चिंतही होऊ नका. नोडचा खरा हिशेब ऑपरेशननंतर पॅथॉलॉजिस्ट देतो, आणि त्यासाठी किमान १६ नोड तपासलेले असावेत असा दंडक आहे. ऑपरेशननंतरचा रिपोर्ट हातात आला की हा आकडा स्वतः वाचा.

मग मी कोणाला ही तपासणी नक्की करा म्हणतो? एक, ज्यांचा आजार एंडोस्कोपीत लहान आणि उथळ दिसतो आणि दुर्बिणीतूनच काढता येईल असं वाटतं. तिथेही एखादा निष्णात एंडोस्कोपिस्ट नुसतं बघून खोलीचा चांगला अंदाज करतो, आणि ईएसडी करून आलेला तुकडा हाच शेवटचा पुरावा असतो. दोन, ज्यांचं जठर चामड्यासारखं कडक झालंय पण वरवरच्या बायोप्सीत काहीच सापडत नाही. कॅन्सर अस्तराखालून पसरत असतो आणि चिमटा तिथवर पोहोचत नाही. एंडोस्कोपिक सोनोग्राफीत तिसरी-चौथी पट्टी फुगलेली दिसते आणि सुईने खोलचा तुकडा घेता येतो. ह्या रुग्णांसाठी ही तपासणी फार मोलाची आहे. तीन, जिथे एका नोडवर किंवा यकृताच्या डाव्या भागातल्या एका ठिपक्यावर सगळा उपचार अडलाय. सीटीत छातीच्या मध्यभागी किंवा महाधमनीच्या बाजूला दूरचा नोड दिसतोय, त्यात कॅन्सर निघाला तर ऑपरेशनचा विचारच बदलणार. अशा वेळी जठरातून सुई घालून नमुना घेतला की प्रश्न मिटतो. कधी सीटीत न दिसलेलं चमचा-दोन चमचे पाणी जठराबाहेर दिसतं. तेही महत्त्वाचं, कारण ते पडद्यावरच्या आजाराकडे बोट दाखवतं.

आणि कोणाला नको म्हणतो? सीटीतच भिंत ठळक जाड, आजार स्नायूपलीकडे गेलेला स्पष्ट दिसतोय, किंवा यकृतात गाठी आहेतच. टी३ की टी४ए हे मी सांगितलं काय आणि न सांगितलं काय, किमो तीच. आपल्याकडे जठराचा कॅन्सर सापडतो तो बहुतेक वेळा असाच पुढे गेलेला. आम्लपित्त म्हणून गोळ्या खाण्यात महिने जातात. जपानमध्ये सरकारी तपासणी मोहिमांमुळे लवकरचे आजार भरपूर सापडतात, तिथल्या पुस्तकांतली ह्या तपासणीची थोरवी आपल्या ओपीडीत तशीच्या तशी लागू होत नाही.

वडिलांबद्दल आता बोलू. भूक गेलेली, वजन उतरलेलं, सीटीत भिंत जाड, नोड दिसताहेत: हा आजार टी२ किंवा पुढचा असण्याकडे माझा कल आहे. तसं असेल तर सर्जनचं म्हणणं मला पटतं. पण सीटी कसा काढला होता हे बघायला हवं. जठर रिकामं, आकसलेलं असेल तर निरोगी भिंतही जाड दिसते, आणि अँट्रम तर मुळातच जाड असतं. चांगल्या सीटीत रुग्णाला आधी पाणी पाजून जठर फुगवतात आणि शिरेतून कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्र ठळक करणारं औषध, देतात. तसं झालं नसेल आणि एंडोस्कोपीत व्रण लहान असेल, तर पोटविकारतज्ज्ञांचा आग्रह योग्य ठरतो, कारण आजार वाटतो त्यापेक्षा लवकरचा असू शकतो आणि कदाचित आधी किमो लागणारही नाही. म्हणून दोघांनाही एकच प्रश्न विचारा: ‘ह्या तपासणीत अमुक आलं तर उपचार काय आणि तमुक आलं तर काय?’ दोन्ही उत्तरं एकच असतील, तर ती तपासणी सोडा.

त्याऐवजी एका वेगळ्या गोष्टीचा आग्रह धरा: स्टेजिंग लॅप्रोस्कोपी. भूल देऊन बेंबीपाशी छोट्या छिद्रातून कॅमेरा घालून पोटाचा पडदा, यकृताचा पृष्ठभाग प्रत्यक्ष बघतात आणि पोट धुतलेलं पाणी पेशींसाठी तपासायला पाठवतात. टी१बीच्या पुढचा आजार वाटत असेल आणि दूर कुठे गेल्याचं दिसत नसेल, तर मोठा उपचार सुरू करण्याआधी ही करावी असं आजची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. सीटी स्वच्छ असूनही हिच्यात पडद्यावरचे दाणे सापडतात, आणि तसे सापडले तर पोट उघडून जठर काढण्याचा बेत थांबवावा लागतो. काका ज्याला पसरणं म्हणताहेत त्याचं उत्तर वडिलांच्या बाबतीत इथे मिळण्याची शक्यता जास्त आहे. त्याच सुमारास बायोप्सीच्या तुकड्यावर हर-टू (कॅन्सरच्या पेशीवरचं एक प्रथिन) आणि एमएमआर (पेशीतली डीएनए-दुरुस्ती चालू आहे का) ह्या चाचण्या झाल्या आहेत का तेही विचारा. औषधांची निवड त्यावर बदलू शकते, आणि वडिलांना त्यासाठी पुन्हा दुर्बीण गिळावी लागत नाही.

एंडोस्कोपिक सोनोग्राफी करायचंच ठरलं तर फार घाबरण्यासारखं काही नाही. सहा ते आठ तास उपाशीपोटी, झोपेचं औषध देऊन, डाव्या कुशीवर. साध्या एंडोस्कोपीपेक्षा नळी थोडी जाड आणि टोक ताठ असतं, वेळ अर्ध्या तासाच्या आसपास. सुईने नमुना घ्यायचा असेल तर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल आधीच सांगा, मनाने बंद करू नका. जठराचं तोंड आजाराने अरुंद झालं असेल तर डॉक्टरांना ते माहीत असायला हवं, कारण ह्या दुर्बिणीला समोरचं सरळ दिसत नाही, आणि ती जोर लावून पुढे ढकलायची नसते. जुना एंडोस्कोपी रिपोर्ट फोटोंसकट आणि सीटीची सीडी बरोबर न्या. नुसत्या छापील निष्कर्षावर मलाही फारसं सांगता येत नाही.

आणखी एक, कारण हा प्रश्न पुढे येणारच. किमोची चार सत्रं झाली की ‘आता परत एंडोस्कोपिक सोनोग्राफी करून किती कमी झालं बघू’ असं कोणी म्हणालं, तर मी सहसा नाही म्हणतो. मेलेल्या गाठीच्या जागी वण उरतो, आणि वण व कॅन्सर सारखेच काळे दिसतात हे वर लिहिलंच आहे. त्या टप्प्यावर सीटी पुरतो.

ह्या सगळ्या धावपळीत वडिलांच्या खाण्याकडे मात्र आजपासूनच बघा. अँट्रममधला आजार जठराचं खालचं, आतड्याकडे उघडणारं तोंड बंद करू शकतो. आदल्या दिवशीचं जेवण उलटीत पडत असेल, जेवल्यावर पोट तट्ट फुगत असेल, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता डॉक्टरांना कळवा. त्यावर वेगळा उपाय करावा लागतो, कधी नळीतून अन्न द्यावं लागतं. उलट्या नसतील तर दिवसातून सहा-सात वेळा थोडं थोडं, पातळ आणि प्रथिनं असलेलं द्या: मुगाच्या डाळीचं कढण, अंडं, दही, दूध, पनीर, मटणाचा किंवा चिकनचा अळणी रस्सा, त्यांना जे चालत असेल ते. कॅन्सरला साखर पोसते म्हणून गोड बंद करा, दूध बंद करा, असं सांगणारे लोक भेटतील. वजन उतरत चाललेल्या माणसाचं काहीही बंद करू नका. दर आठवड्याला त्याच काट्यावर वजन करून वहीत लिहा आणि ती वही सर्जनला दाखवा. किमो झेपेल का हे ठरवताना ते तिच्याकडे बघतील.